धबधब्यातली बाई

"कोणाला पटणार नाही, मला माहीत आहे," प्रल्हादकाकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली, "पण गाडी भर डोंगरात थांबते. स्टेशन नाही, गाव नाही. समोर हा एवढा धबधबा. सगळे उतरतात. आणि धबधब्याच्या कडेला एक बाई उगवते. लाल झग्यात. गाते, नाचते आणि गायब!"

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, वसुधाच्या घरामागच्या डेकवर हशा पिकला.

"आजोबा, दॅट्स सो फेक!" वसुधाची मुलगी इशिता ओरडली.

"आणि तिथे घरांच्या छपरावर गवत उगवतं. बोकड वर चढून चरतात. एक तर खाली उतरला आणि माझ्याकडची चकली मागून घेऊन गेला."

"काका, पुरे! पोट दुखायला लागलं," वसुधा म्हणाली.

शोभाकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. लाल बाईची गोष्ट निघाली की त्यांना नेमकी चहाची आठवण व्हायची. त्या उठून आत गेल्या.

आता यातली गंमत अशी, की चकली सोडली तर बाकी सगळं खरं होतं.

एकाहत्तर साली काका-काकू नवीनच मिनेसोटात आले, तेव्हा शेजारच्या नॉर्वेजियन आजीने त्यांना तिच्या देशाचं एक कॅलेंडर दिलं होतं. निळं पाणी, दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे इवलीशी बोट. शोभाकाकूंनी तेव्हाच बजावलं, "हे बघायचं तर दोघांनी मिळून. एकट्याने बघून आलात, तर जन्मात तोंड बघणार नाही तुमचं." मग मुलं, घराचे हप्ते, भारताच्या वाऱ्या. कॅलेंडर पिवळं पडलं, पण स्वयंपाकघरातून हललं नाही.

आणि २००२ च्या जूनमध्ये कंपनीने काकांना आठ दिवस नॉर्वेत बर्गनला पाठवलं. घरी त्यांनी सांगितलं, टेक्सासात शुगर लँडला क्लायंटकडे जातोय. रोज फोनवर तिथल्या उकाड्याला शिव्या घातल्या, अंगात दोन स्वेटर चढवून. शनिवारी फियॉर्ड, म्हणजे कॅलेंडरातली ती कड्यांमधली खाडी पाहिली, रविवारी डोंगरातली गाडी.

पाहून गप्प बसले असते तर प्रश्न नव्हता. पण पाहिलेलं पोटात ठेवणं काकांना कधी जमलं नाही. म्हणून त्यांनी युक्ती काढली. नॉर्वे सांगायचा, पण थाप म्हणून सांगायचा. वर एखादी चकली ठेवून द्यायची. लोक जितके हसत, तितका काकांचा जीव भांड्यात पडे.

आता २००६ चा मे होता. काका रिटायर झाले होते आणि दोघांची नॉर्वेची जूनची तिकिटं निघाली होती. आजची पार्टी त्याचीच. पासपोर्ट ज्याचा त्याने सांभाळायचा, असा नियम शोभाकाकूंनी केला, तेव्हा काकांनी तो इतक्या झटकन मान्य केला की त्याच चमकल्या. काकांच्या पासपोर्टवर बर्गनचा शिक्का होता. आयतं काम झालं.

अडचण आली ती सिद्धेशची. नागपूरचा हा पोरगा कुमारवयापासून वाद जिंकत आलेला. ऑफिसने त्याला फेब्रुवारीत तीन आठवडे बर्गनला पाठवलं होतं. तो आज लॅपटॉप घेऊनच आला होता.

"काका, मी त्याच गाडीने गेलोय यार," त्याने फोटो सगळ्यांकडे फिरवला. "हा तुमचा धबधबा. गोठलाय. गाडी थांबली, मी उतरलो. बाई कुठाय?"

फेब्रुवारीत कोण बाई नाचेल रे गाढवा, टूरिस्टांसाठीचा तो खेळ उन्हाळ्यात असतो! हे वाक्य काकांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते चिवड्याबरोबर गिळलं.

"बोला ना काका. आहे की नाही बाई?"

शोभाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी तिकडे पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार आणि महिन्यावर आलेली सहल त्या ट्रेवर हिंदकळताना दिसली.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही? नीट बोला, सगळ्यांना ऐकू द्या."

"बाई नाही. सगळी थाप. मी नॉर्वेला कधी गेलेलोच नाही."

"वाजवा टाळ्या!" सिद्धेश ओरडला. "चार वर्षं आम्हाला येडं बनवलं. काकू, ऐकलंत? तुम्हीही फसला असाल."

"छे, तिला कशाला मधे ओढतोस," काका घाईघाईने म्हणाले. "ती बिचारी अमेरिका आणि भारत सोडून गेली कुठे? एकदा काय ती लंडनला, बहिणीकडे. पद्मजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, गेल्या जुलैत. तिथेही नुसता पाऊस. रोज फोनवर म्हणायची, भिजून चिंब झालेय."

"म्हणजे आता काकांच्या गोष्टी बंद!" सिद्धेशने जाहीर केलं. "काकू, यांना तिथे नेऊन एकदा तो धबधबा दाखवा. बाई शोधत बसतील बिचारे."

परत हशा. इशिता तर ओढणी डोक्यावर घेऊन बाईसारखी नाचायला लागली. काका सगळ्यांबरोबर हसले, पण मान काही वर झाली नाही. इतकी वर्षं थाप म्हणून सांगितलेलं खरं आज खोटं म्हणून कबूल करताना त्यांचे कान लाल झाले होते.

ट्रे टेबलावर आदळला. चार कप कलंडले.

"बस झालं!" शोभाकाकू कडाडल्या. "कोणी हसायचं नाही त्यांना. आणि अहो, तुम्ही तरी का खोटं बोलताय? आयुष्यात एकदा खरं बोललात, त्यावर ठाम राहा की! बाई आहे. लाल झग्यातच आहे. पद्मजा तर तिच्याबरोबर नाचली, दोन्ही धडधाकट गुडघ्यांवर!"