साहेबाची सिगार

भर कीर्तनात बुवांसमोर दोघा नवराबायकोनं जोडीनं माळ घातली, त्या दिवसापासून किसनतात्या विडीला शिवले नव्हते. पण ते महाळुंग्याच्या कंपनीतून निवृत्त होताना परदेशी साहेबानं भली जाडजूड, उंची सिगार हातावर ठेवली आणि तात्यांचा जीव तिच्यात अडकला.

कस्तुराबाई भजनाला गेलेल्या बघून ते संध्याकाळी गच्चीवर आले. जिन्याच्या तोंडाशी तुळस होती. गळ्यातली माळ काढून, हात जोडून त्यांनी ती तुळशीवर ठेवली. कठड्यापाशी बसून हॅक्सॉच्या पात्यानं सिगारचं टोक कापलं आणि पहिलाच झुरका छातीभर ओढून ठसकले.

"कंपनीतला धूर कमी पडला व्हय?" मागून कस्तुराबाईंचा आवाज आला.

तात्यांनी सिगार पाठीमागं लपवली. धूर मात्र डोक्यावरून निवांत वर चालला होता.

"साहेबाचा मान गं. नुसती चव बघतोय."

"मग कशी हाय?"

"आधी काकवीवानी. मागनं मिरं लागतं."

"आन् बुवांनी इचारलं तर?"

"माळ गळ्यात न्हाई. तुळशीवर हाय."

कस्तुराबाई शेजारी टेकल्या. "आना हिकडं. तुमची विडी सुटली त्याचं गावानं कवतिक केलं. माजी मिश्री सुटली, ती कुणाच्या ध्यानात बी न्हाई."

त्यांनी हलकेच झुरका घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला. "छातीत न्यायची नसती ओ, येडं माणूस."

सिगार संपल्यावर तात्या माळ घ्यायला उठले. तुळशीवर त्यांच्या माळेवर दुसरी माळ होती.