जांभळी

जांभळी पाण्याच्या भांड्याशेजारी आडवी पडली होती. आईला आधी वाटलं, झोपलीय. कोंबडीची पिल्लं झोपतातही अशीच, पाय ताणून, मेल्याचं सोंग घेतल्यासारखी. पण बोट लावलं तर अंग गार. डोक्यावरचा जांभळा ठिपका तेवढा ताजा होता. कालच तर लावला होता.

सगळी पिल्लं एका छापाची, पिवळट. दवाखान्यात जायच्या आधी लेकीने त्यांतलं एक आपलं म्हणून निवडलं आणि ओळखू यावं म्हणून त्याच्या डोक्याला औषध फासलं. तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध. तिच्यासाठीच आणलेली बाटली. पिल्लाची लव झडते, रंग उडतो, म्हणून ठिपका पुन्हापुन्हा द्यावा लागे. आई दवाखान्यात असली तर आजी देई, नाहीतर बाबा. हयगय कोणी करत नसे, कारण फोनवर लेकीचा पहिला प्रश्न जांभळीचाच असायचा. गेल्या आठवड्यात तर खाटेवर पडल्यापडल्या तिने आईला सांगून टाकलं होतं, "जांभळी मोठी झाली की मी पण बरी होणार. आमचं ठरलंय." आईने उठून आधीच लख्ख असलेलं टेबल पुसलं होतं.

लेकीला सांगितलं होतं, अशक्तपणा आहे, औषधं जरा जास्त दिवस घ्यावी लागतील. डॉक्टरांनी खरं काय ते तिघा मोठ्यांना सांगितलं होतं, आणि ते तिघं एकमेकांपाशीसुद्धा त्याचा उच्चार करत नव्हते.

आणि आज ती चार दिवसांसाठी घरी यायची होती. आई काल घर आवरायला पुढे आली, लेकीपाशी मावशी थांबली.

आईने इकडेतिकडे पाहिलं. मेलेलं पिल्लू फडक्यात गुंडाळलं, कुंपणापाशी पुरलं, वर फुटकी कुंडी ठेवली. मग तेवढ्याच आकाराचं दुसरं उचललं आणि मोरीत शिरून कडी लावली. पिल्लू असं किंचाळलं, जणू सुरीच दाखवलीय.

"आत कोण ओरडतंय गं?" बाहेरून आजी.

"नळ वाजतोय."

एरवी आजीने नळाच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आज नुसतं "हं" म्हणाली आणि गेली. सुटले, असं आईला वाटलं.

रंग वाळेपर्यंत पिल्लू चपलांच्या खोक्यात बसवलं आणि खोकं माळ्यावर. घटकाभराने दुसरा हात द्यावा म्हणून बाटली पाहिली, तर ती जागेवर नाही. भलत्याच फळीवर, बूच सैल. आपलंच डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणून तिने बूच घट्ट लावलं.

बाबा गाडी घेऊन निघायच्या बेतात होते. निघता निघता ते परसात गेले ते लवकर आलेच नाहीत. आले तेव्हा साबणाने हात धूत बसले.

"अहो, जांभळी पाहिलीत?" आईने जीव मुठीत धरून विचारलं.

"पाहिली की! मजेत आहे."

जांभळी त्या वेळी माळ्यावर खोक्यात होती. बघणार कसले, आईच्या मनात आलं, लांबूनच नजर टाकली असेल. पण एकीकडून बरंच झालं. गाडी गेली तशी तिने खोकं खाली काढलं आणि पिल्लू हळूच कोंबडीखाली सरकवलं. हवेत गारठा होता. कोंबडी पंख फुगवून बसली होती, आणि पिल्लं तिच्या पोटाखाली अशी दडली होती की नुसत्या नख्या दिसत होत्या.

दुपारी गाडी आली. बाबांनी लेकीला उचलून उतरवलं. उतरवताना त्यांना जोर लावावाच लागला नाही, हे आईला दारातूनही दिसलं. टोपी कानांपर्यंत ओढलेली. घरात यायच्या आधीच म्हणाली, "जांभळी."

परसात आजीने मूठभर कणी टाकली. कोंबडी क्लक क्लक करत उठली आणि पिल्लं सैरावैरा बाहेर पडली. त्यांत एक जांभळं डोकं.

"ही बघ तुझी जांभळी!" आई म्हणाली. नेमकं तेच आजीही म्हणाली, तेच बाबाही. पण तिघांची बोटं तीन दिशांना होती.

तीन जांभळ्या कणी टिपत होत्या. एक आईची. एकीचा रंग डोळ्यापर्यंत ओघळलेला. आजीला हल्ली जवळचं नीट दिसत नाही. तिसरीचा ठिपका काटकोनात, पट्टी लावून आखावा तसा; बाबा पडले सुतार. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या तिघांचीही एकाच दारात गाठ पडली होती. आजीने जांभळा अंगठा मुठीत लपवला. बाबा "अगं, ते काय झालं..." म्हणाले आणि धुतलेले हात पुन्हा पुसू लागले.

आईने मनात जुळवाजुळव चालवली. आता पोर रडणार. पिल्लं अशी जातातच गं, थंडी बाधते, त्यात कोणाचा दोष नसतो, आपण दुसरी आणू. सगळं जिभेवर तयार ठेवलं.

पण लेक रडली नाही. माझी खरी जांभळी कुठंय, असंही तिने विचारलं नाही. पिल्लांवरची नजर काढून तिने आजीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मग बराच वेळ आईकडे.

"आई," ती म्हणाली, "मला नक्की काय झालंय?"