पदराआड

"आई, अजून एकदा. डाव्या टाचेवर गिरकी घे."

रंभाबाईंनी ती उजव्याच टाचेवर घेतली.

अंगाबरोबरचा काळा पोशाख, त्यावर पांढरे ठिपके. हॉलच्या कोपऱ्यांत कॅमेरे. ठिपके हलले की उत्कर्षाच्या लॅपटॉपवर बिनचेहऱ्याची एक आकृती हलायची. पुण्यातल्या एका गेम कंपनीसाठी ती सोलापुरात घरी बसून पात्रांना चाल द्यायची, हातवारे द्यायची. नव्या गेममधली नायिका तिच्या आईसारखी नाचणार होती.

आकृती मात्र नाचत नव्हती. भाजी आणायला निघाल्यासारखी चालत होती.

"गुडघं धरल्यात गं."

"गुडघ्यांनी वेग कमी होईल आई. बाजू कशी बदलेल?"

"भाकरी टाकायच्या हायत अजून," म्हणत रंभाबाई आत गेल्या.

हिंदुराव-रंभाबाई ही तिच्या आईबापांची तमाशातली जोडी टेंभुर्णीपासून मंगळवेढ्यापर्यंत गाजलेली. त्यांच्या जुन्या चित्रफिती आता मोबाइलवर फिरत होत्या. मागं ढोलकीवाला: फेटा, काळा चष्मा, भरघोस मिशा, मान खाली. पुढं ती: डोक्यावरून ओढलेला पदर, त्याचं टोक दातांत. अख्खा खेळ संपायचा, पण पदर ढळायचा नाही. आज तरी तो सुटेल म्हणून माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

दुपारी पुण्याहून शिवराजचा फोन आला. तो तिच्या गटाचा प्रमुख.

"जुन्या व्हिडिओतली हालचाल काढून तुझ्या आईच्या हालचालीवर ठेवली. काहीच जुळत नाही. खांदेसुद्धा नाहीत. उत्कर्षा, ही दोन वेगळी माणसं आहेत."

"काहीतरी काय?"

"गुरुवारी साहेब बघणार आहेत. खरी रंभाबाई आणते म्हणून तू शब्द दिलायस. हे काम तुला आईबापाच्या नावावर मिळालं, असं आधीच बोलतात लोक. आता नावच खोटं निघालं तर?"

फोन ठेवल्यावर तिनं चित्रफीत पुन्हा लावली. पडद्यावरची बाई डाव्या टाचेवर वाऱ्यासारखी फिरली. लहानपणी रंगपटाचं दार आतून बंद असायचं आणि ती बाहेर निंगव्वाच्या मांडीवर झोपायची. आत फक्त आई आणि आबा. अजून कोण असायचं?

निंगव्वा तेव्हा खेळाचे कपडे सांभाळायची. आता घर सांभाळायची. उत्कर्षानं तिलाच पोशाख घालायला लावला.

"अय्यो, म्हातारीला नाचिवतीस व्हय? यमाला बोलवायचं हाय का?"

निंगव्वानं गिरकी घेतली आणि सोफ्यावर बसली. आकृतीही बसली. चित्रफितीतली बाई ही नव्हती.

"मावशी, आईच्या जागी कोण नाचायचं?"

निंगव्वाचं हसू आटलं. "मी दारावर बसायची बाई. आतलं मला काय म्हाईत?"

हिंदुराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मे महिना, फरशी तव्यासारखी, आणि पायात मोजे. ते मोजे तिनं कधी निघालेले पाहिले नव्हते. खेळ सोडल्यापासून ढोलकीही माळ्यावरच होती.

"आबा, त्या नाचात आईच्या जागी दुसरी कुणी बाई होती का?"

हिंदुरावांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातांत धरलं. अवघडले की ते असंच करायचे. मग ते सोडून शांतपणे म्हणाले, "त्या स्टेजवर तुझ्या आईबिगर दुसरी बाई कवा चढली न्हाय. सिद्धेश्वराची आन."

खोटी शपथ घेणारा माणूस नव्हता तो. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

रात्री जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. गुरुवार, साहेब, आपण दिलेला शब्द. रंभाबाई भाकरी थापत होत्या. डावा हात घुमत होता, उजवा टणत्कारत होता, आणि ओठांत जुनीच ओळ:

*पदराआड चांदणं गं बाई, दारात उभा चोर…*

हात थांबले. आईनं आबांकडं पाहिलं. आबांनी ताटाकडं.

"जुळंल की," आबा म्हणाले. "तू नगं घोर लावून घिऊ."

सकाळी आई पिशवी घेऊन निघाली. "मी मंडईत जाते. निंगव्वाबी येतीया."

"तुला बँकेत जायचं हुतं न्हवं?" आबांनी उत्कर्षाला विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "उन्हाच्या आत जाऊन ये की. निवांत ये."

घर रिकामं हवं होतं त्यांना.

तिनं स्कूटर मोठ्यानं चालू केली, कोपऱ्यावर लावली आणि बाहेरच्या जिन्यानं गच्चीवरच्या खोलीत आली. दार लोटून लॅपटॉप उघडला. खाली हॉलमधले कॅमेरे कुणीतरी चालू केले होते. पडदा रिकामा होता.

मग खाली ढोलकी बोलली. किती वर्षांनी. आबांची ढोलकी.

आणि पडद्यावर ती आली. बिनचेहऱ्याची, मान किंचित कललेली, एक हात तोंडाशी. तिनं डावी टाच रोवली आणि फिरली. उत्कर्षानं जुनी आकृती तिच्यावर ठेवली. खांद्यावर खांदा बसला, टाचेवर टाच. एका बाईची सावली तिच्याच अंगाला येऊन चिकटावी तशी.

म्हणजे ती अजून होती. आई मंडईत गेली की या घरात येत होती, आणि आबा तिच्यासाठी ढोलकी वाजवत होते.

उत्कर्षा अनवाणी जिना उतरली. दाराशी आईची पिशवी पडलेली होती, रिकामी. तिच्या लक्षातही आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. तिनं दार ढकललं.

भिंतीला टेकून, ढोलकी मांडीखाली दाबून, डोळे मिटून आई वाजवत होती. आणि हॉलच्या मधोमध, ठिपक्यांच्या काळ्या पोशाखात, मोजे काढलेल्या घोट्यांवर घुंगरांचे जुने काळे वळ घेऊन, डोक्यावरून ओढलेल्या टॉवेलचं टोक दातांत धरून, डाव्या टाचेवर फिरत होते आबा.