परतीचा नारळ

स्टेजवरच्या खुर्चीत गसचे गुडघे एकसारखे हलत होते. वय वर्षं ब्याण्णव, पण बाकावर उभं केलेल्या पोरासारखी चुळबुळ चाललेली.

"डॉक, माइकवरची ही बाई माझ्याबद्दल काय सांगतेय?"

डॉक म्हणजे शेजारच्या खुर्चीतले देवदत्त. ॲन आर्बरच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीत आपल्या अमेरिकन शेजाऱ्याचा, एके काळच्या अमेरिकन फुटबॉलपटूचा, सत्कार व्हावा, ही कल्पना त्यांचीच.

"सांगतेय, साठ साली तू एकट्याने मॅच काढलीस. बॉल काखेत मारून सुसाट."

"मी? अरे, मी गार्ड होतो! समोरच्याला आडवा करायचा, म्हणजे बॉलवाल्याला वाट मिळते. नऊ सीझन खेळलो. बोटं मोडली, बरगड्या मोडल्या, बॉल एकदासुद्धा हातात आला नाही. मला माइक दे. हे खोटं आहे."

"बस रे. सत्कारात खरं सांगायची पद्धत नाही आमच्यात."

गस बसेना. जे आयुष्यभर हाताला लागलं नाही, ते कोणी फुकटात नावावर लावलेलं त्याला सोसवत नव्हतं. काठी टेकत तो माइककडे निघाला. अध्यक्ष रेखाताईंनी त्याला वाटेतच गाठलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ ठेवला.

सत्कारमूर्ती चार आणि नारळ एकच. बर्फामुळे दुकानात तेवढाच मिळाला होता. फोटो निघाला की नारळ मुकाट्याने परत द्यायचा, हे मंडळात कोणाला सांगावं लागत नाही. गसला कोणी सांगितलंच नव्हतं.

फोटो निघाला. रेखाताईंनी हसत दोन्ही हात पुढे केले.

गस नारळाकडे बघत राहिला. मग त्याने काठी सोडून दिली, नारळ काखेत घट्ट दाबला, डोकं खाली घातलं आणि पायऱ्यांच्या दिशेने सुटला.

"अहो, गसकाका! नारळ! ओजस, अडव त्यांना!"

खजिनदार ओजस तिळगुळाचं ताट घेऊन पायरीशी उभा होता. तो तसाच आडवा आला.

देवदत्त अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. चाळीस वर्षांत मंडळात त्यांनी कुणाला धक्का सोडा, उलट उत्तरही दिलं नव्हतं. ते उठले, झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या आणि ओजसला ताटासकट आडवं केलं.

"मागे बघू नकोस, गस!" ते जमिनीवरूनच ओरडले.