डावं बटण

"खेळात गोळीच सुटत नाही म्हणता?" भीमराजने जुना माऊस उलटा करून पाहिला. "सारखी, की कधी कधी?"

"पंधरा दिवसांतून एकदा," सुलक्षणा म्हणाली.

"मग डावं बटण गेलंय, काकू. जायच्या आधी असंच मधूनमधून रुसतं."

खोटं बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. पण विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, हेही ती इतक्या वर्षांत शिकली होती.

मुलुंड स्टेशनबाहेरचं ते दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. कपाटात कीबोर्ड ओळीने उभे होते. काहींच्या आत लाल-हिरवे दिवे पळत होते, गणपतीच्या मखरासारखे.

"पोराला खेळायलाच हवाय, की कामही असतं?"

"दोन्हीला लागतो. टायपिंगचं काम असतं, वकिलांचे कागद. आणि खेळ."

"इथंच घोळ होतो बघा. खेळणारे छोटा कीबोर्ड नेतात, उजवीकडचे आकडे नसलेला. माऊस फिरवायला जागा मिळते. पण वकिलांच्या कामाला..."

"आकडे लागतात. नुसत्या तारखाच असतात."

"मग मोठाच घ्या. याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग आहे. दिवसभर टाइप करा, बोटं दुखायची नाहीत. आणि खेळताना नुसतं टेकवलं की काम झालं." त्याने चार बटणं दाबून दाखवली. टक टक टक टक. "थोडा आवाज होतो हां. घरात कुणाची झोपमोड वगैरे?"

"घरात आवाज झाला तर बरंच आहे," सुलक्षणा हळूच म्हणाली.

भीमराजने माऊस काढले. "वायरचा की बिनवायरचा?"

"बिनवायरचा. मागे एकदा ऐन परीक्षेच्या आठवड्यात वायर कापली गेली."

"उंदीर?"

"अडकित्ता."

भीमराज खो खो हसला. "काय काकू, तुम्हीपण ना!"

तीही ओठांच्या कोपऱ्यातून हसली आणि पदराने उगाचच समोरची काच पुसली.

"हात केवढा आहे त्याचा? मोठा माऊस छोट्या हाताला जड जातो."

सुलक्षणाने तीन माऊसवर हात ठेवून पाहिला. बांगड्या काचेवर किणकिणल्या. "हा बसतो," ती म्हणाली.

"आणि रात्र रात्र जागत असेल ना?"

"छे. सकाळी साडेसहाला. पूजा आटोपली की."

भीमराज बघतच राहिला. "पूजा करून गेम? काकू, दृष्ट काढा हो पोराची! आमचा प्रितम बारा वाजता तोंड धुतो."

"उद्या सामना आहे," ती म्हणाली. "उद्याही गोळी सुटली नाही, तर टीममधून काढणार आहेत."

"काढू देत की! अशा छप्पन टीम मिळतील."

"छप्पन नकोत. हीच हवी."

भीमराजने मग थट्टा केली नाही. वस्तू नीट कागदात गुंडाळून दिल्या. "हे बटण कधी दगा देणार नाही, जा बिनधास्त. चहा सांगू?"

"नको रे बाबा. साबुदाणा भिजत घालायचाय. उद्या एकादशी."

भांडुपला घरी येऊन तिने साबुदाणा धुतला. मूठभरच.

सकाळी आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढे दिवा लागला. आज ती देवाकडे बघायचं टाळत होती. फुलं वाहिली तीही खाली मान घालूनच. मग ती प्रांजलच्या खोलीत गेली. चादरीवर एक सुरकुती नव्हती. कापलेल्या वायरचा माऊस अजून फळीवर होता. त्याच्या शेजारी तिने कालचा जुना माऊस ठेवला, नवा टेबलावर मांडला, खुर्ची ओढली, पदर खोचला आणि हेडफोन स्वतःच्याच कानांना लावला.

तीन वर्षांपूर्वी तिने अडकित्त्याने मुलाच्या माऊसची वायर कापली. चार महिन्यांत प्रांजल कॅनडाला निघून गेला. तेव्हापासून तो तिचा फोन घेत नव्हता. या संगणकावर त्याचं खेळातलं नाव तेवढं राहिलं होतं. शेजारच्या मीराकडून खेळ शिकायला तिला आठ महिने लागले, नाव बदलून त्याच्या टीममध्ये शिरायला आणखी सहा. तिथे ती 'डॉक्टर' होती. डॉक्टर कधी बोलत नसे. पडलेल्याला औषध देई, वेळ आली तर बंदूकही चालवी. फक्त एकादशीला नाही. खेळातला का असेना, जीव तो जीव. त्या बदल्यात रोज सकाळी तासभर तिला मुलाचा आवाज ऐकायला मिळे. जेवलास का, हे तेवढं विचारता येत नसे.

आज मात्र गोळी झाडायची होती. सत्तावीस वर्षांची एकादशी एका बाजूला आणि तो तासभर आवाज दुसऱ्या बाजूला. तिने डाव्या बटणावर बोट ठेवलं.

"आला रे डॉक्टर," कानात प्रांजलचा मित्र सुबोध ओरडला. "बाबा रे, आज तरी बंदूक चालव! प्रांजल, आज याने वाट लावली ना, तर याला काढायचा. ठरलंय आपलं."

"आज मॅच नाहीये," प्रांजल म्हणाला. "उद्या आहे. समोरच्या टीमशी मी कालच बोललोय."

"येडा झालास का? का पण?"

प्रांजलने माईक जवळ ओढल्याची खरखर कानात आली.

"मुंबईत आज एकादशी आहे."