बांबूची फळी

नेवाडाच्या वाळवंटात ओपल अर्धा इंच जाडीच्या गोळीच्या रायफलीने वाटेल त्या वस्तूची परीक्षा घेई. त्या सकाळी तिची पोलीस लेक जोलीन एका विक्रेत्याला घेऊन आली. पोलीसगाड्यांच्या दारांत बसवायच्या बांबूच्या फळ्या तो विकायचा. “यातून कुठलीच गोळी जात नाही. काडतुसं मात्र माझीच वापरा, बाई.” ओपलला ते खटकलं. तिने त्याचं एक काडतूस काट्यावर ठेवलं. ते नेहमीपेक्षा हलकं भरलं. “दारू कमी घातलीस का रे?” त्याने नजर चुकवली. ओपलने स्वतःचं काडतूस भरून चाप ओढला. गोळी फळीतून आरपार गेली. “बरं झालं, घेण्याआधीच कळलं,” ती लेकीला म्हणाली. जोलीनचा चेहरा उतरला. “आई, नमुन्याच्या फळ्या माझ्या गाडीच्या दारांत आधीच बसवल्यात. मंगळवारी माझ्यावर बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाला समजावत मी दोन तास त्याच दाराआड बसले होते.”