पायावरची अंघोळ

कंपनीच्या घशातली पाणीयोजना एकदाची ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली आणि रंगूच्या न्हाणीतला नळ भरभरून वाहू लागला. बाहेर बायका गुलाल उधळत होत्या. दर मोर्चात पुढे असणाऱ्या रंगूनं मात्र चुलीवर पाणी तापत ठेवलं आणि लेकीला फोन लावला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला रंगूनंच ‘माहेरी येऊ नको’ म्हटलं होतं. कंपनी पाणी रिसॉर्टांना सोडायची, घरात बाळाला न्हाऊ घालण्यापुरतंही नसायचं. “बाय, नळाला पाणी आलं गो! आता नातीला आण, पायावर घेऊन न्हाऊ घालते.” पलीकडून लेक म्हणाली, “आये, ती शाळेत जाते आता. अंघोळ स्वतःच करते, दार लावून.” रंगू न्हाणीत गेली, पाटावर पाय लांब करून बसली. तापलेल्या पाण्यात नळाचं विसण घालून रिकाम्या पायांवर ओतत राहिली, कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये इतक्या हळू.